बंद खोलीतून पुन्हा बंद खोलीत : जपानी वाहिन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
जपानमधल्या खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांचे कार्यक्रम विभाग, संग्रह विभाग, आणि संग्रहाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ते सर्व,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला जपानीत, शिक्क्यासकट, टपालानं पाठवलं आहे. तेच इथं मराठीत लिहिते आहे, कारण पुण्या-मुंबईत आणि तोक्योतल्या आमच्या निशी-कासाइत जपानी शिकणारी मराठी मुलं पुष्कळ आहेत. जुन्या कार्यक्रमांच्या टेपांपैकी तुम्ही कपाटात काय ठेवलं आहे, हे निदान त्यांना कळू दे. तुमच्याकडून उत्तर येईल तेव्हा येईल.

निमित्त एका इमारतीचं आहे. शिंजुकु स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारासमोरचं ‘शिंजुकु आल्टा’ २८ फेब्रुवारी २०२५ ला बंद झालं. १९८० साली उघडलेली ही इमारत. आत कपड्यांची दुकानं, दर्शनी भिंतीवर भलामोठा पडदा, आणि सातव्या मजल्यावर एक स्टुडिओ. तिथून ‘वारात्ते इइ तोमो’ हा फुजी टीव्हीचा दुपारचा हास्यकार्यक्रम वर्षानुवर्षं थेट दाखवला जायचा. कोल्हापुरात ‘बिंदू चौकात ये’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, तसं तोक्योत ‘आल्टासमोर भेटू’ म्हटलं की पुरे. शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले. लोक फोटो काढत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या विशीतल्या मुलीनं मैत्रिणीला विचारलं, “इथं नक्की काय व्हायचं गं?” मैत्रिणीनं फोन काढला. तारखा सापडल्या, आकडे सापडले, इमारतीचे फोटो सापडले. कार्यक्रम मात्र सापडला नाही. कुणीतरी घरच्या टेपवरून चढवलेली दीड मिनिटाची धुरकट चित्रफीत तेवढी मिळाली, तीही आवाज फाटलेली. दोघी जरा हसल्या आणि दुकानात शिरल्या.

मी तिथंच उभी राहिले आणि मला राग आला. इमारती जातात, त्याचं एवढं नाही. तोक्योत राहायचं तर त्याची सवय ठेवावी लागते. राग आला तो तुमचा.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. १९९७ च्या एप्रिलमध्ये मी कावासाकीतल्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून रुजू झाले. पुण्यात शिकलेलं माझं जपानी म्हणजे इस्त्री केलेलं. क्रियापदं जागच्या जागी, आदरार्थी रूपं पाठ, आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते कळायची बोंब. बाराला भोंगा व्हायचा. कॅन्टीनच्या कोपऱ्यात छताला टांगलेला टीव्ही कुणीतरी लावायचं आणि काळा चष्मा घातलेला, केस चापून मागं बसवलेला एक गृहस्थ यायचा. सगळं कॅन्टीन त्याच्याशी बोलल्यासारखं जेवायचं. मी डब्यातली चपाती-भाजी खात खात बघायची. पहिले तीन महिने मला एकही विनोद कळला नाही. लेथवर काम करणारे एक आजोबा होते, ते माझ्या शेजारी मुद्दाम बसायचे आणि सगळं हसून झाल्यावर, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं, ‘लोक का हसले’ ते सांगायचे. चौथ्या महिन्यात एकदा मी त्यांच्या आधी हसले. त्यांनी टेबलावर थाप मारली. माझी जपानीची खरी परीक्षा ती. बाकीच्या परीक्षांची प्रमाणपत्रं फायलीत आहेत.

तो गृहस्थ म्हणजे तामोरी.

मराठी वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. खरं नाव काझुयोशी मोरिता. जन्म २२ ऑगस्ट १९४५, फुकुओका. युद्ध संपून आठवडाच झाला होता. लहानपणी एका अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढं तोक्योला वासेदा विद्यापीठात गेले आणि जॅझच्या क्लबात ट्रम्पेट घेऊन शिरले. एका ज्येष्ठानं सुनावलं म्हणतात, की माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट रडतो आणि तुझा हसतो. तेव्हापासून वाद्य बाजूला आणि सूत्रसंचालन हातात. जॅझवाल्यांना शब्द उलटेपालटे करून बोलायची खोड. मो-रि-ता चं ता-मो-रि तिथंच झालं. फी थकली, विद्यापीठानं नाव काढलं, ते परत फुकुओकाला. विमा कंपनीत नोकरी, मग बोलिंगचं केंद्र, मग कॉफीचं दुकान. तिशी जवळ आली तरी हा माणूस पुढं काय होणार याचा पत्ता त्यालाही नव्हता.

मग १९७२ ची ती हॉटेलातली रात्र. फुकुओकात कार्यक्रम आटोपून पियानोवादक योसुके यामाशिता यांची मंडळी खोलीत धिंगाणा घालत होती. सॅक्सोफोनवाले सेइइची नाकामुरा डोक्यावर टोपली घालून नाचत होते. बाहेरच्या बोळातून जाणारा एक अनोळखी माणूस दार ढकलून आत आला, त्यांच्या डोक्यावरची टोपली काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि नाचू लागला. नाकामुरांनी खोट्या कोरियन भाषेत त्याला झापलं. त्यानं त्याहून अस्सल खोट्या कोरियनमध्ये उत्तर दिलं. मग खोटी चिनी झाली, आणखी काय काय झालं. पहाटेकडे तो निघाला तेव्हा कुणीतरी नाव विचारलं. “मोरिता,” म्हणाला, आणि गेला. पुढं शिंजुकुच्या एका बारमधल्या मंडळींनी गाडीभाड्यासाठी वर्गणी काढून त्याला तोक्योला आणवलं. १९७५ ची ही गोष्ट. त्या बारमध्ये व्यंगचित्रकार फुजिओ आकात्सुका यांनी त्याची कला पाहिली आणि त्याला परत जाऊच दिलं नाही. स्वतःचं घर त्याला राहायला दिलं आणि आपण कामाच्या जागी झोपू लागले. (वर्गणी काढून माणूस आणवणं, स्वतःच्या घरात ठेवून घेणं! आपल्याकडे गावच्या तालमीत पैलवानाला असं सांभाळत. नकलाकाराला सांभाळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.)

त्या काळातल्या त्यांच्या कलेला जपानीत ‘मिशित्सुगेइ’ म्हणत : बंद खोलीतली कला. पाच-पंचवीस माणसांत, दारू पिता पिता, दार लावून बघायची. अंगात सदरा नाही, हातापायांवर रांगतायत, मान झटक्यानं वळतेय, जीभ बाहेर : इग्वाना सरडा. चार देशांचे चार जण माहजोंग (सोंगट्यांचा चिनी खेळ) खेळतायत, एकाला दुसऱ्याचं कळत नाही, भांडण जुंपतं. चारही आवाज त्यांचेच, आणि कुठल्याच भाषेतल्या बहुतेक शब्दांना अर्थ नाही. चाल, हेल, श्वास घ्यायची जागा एवढंच खरं. आणि शुजी तेरायामा या नाटककाराची नक्कल. ती नुसती आवाजाची नव्हती. तेरायामा जे कधी बोललेच नाहीत, पण बोलले असते, ते तामोरी बोलत. जपानीत याला ‘विचारांची नक्कल’ म्हणतात. आपला बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तेव्हा कुठल्या एका पोलिसाची नक्कल करत नाही, पोलीसपणाची करतो. त्याच्या जवळची ही जात. फक्त इथं समोर एका माणसाचं अख्खं डोकं.

१९७६ पासून रात्रीचा रेडिओ, १९७७ ला पहिली ध्वनिमुद्रिका. आणि मग ४ ऑक्टोबर १९८२ ला फुजी टीव्हीनं या बंद खोलीतल्या माणसाला भर दुपारी बारा वाजता अख्ख्या देशासमोर उभं केलं. कार्यक्रम तोच, आल्टातला ‘वारात्ते इइ तोमो’. त्या वेळी पुष्कळांना हा मूर्खपणा वाटला. हा रात्रीचा प्राणी, दुपारी घरातल्या बायका-पोरांपुढं काय करणार? तो तिथं सोमवार ते शुक्रवार, थेट प्रक्षेपण करत, ३१ मार्च २०१४ पर्यंत उभा राहिला. भाग झाले ८,०५४. गिनेसनं त्याची नोंद केली.

‘इइ तोमो’ हे शब्द मला कोल्हापुरी असल्यामुळं लगेच लागले. पाहुणा आपल्या मित्राला तिथल्या तिथं फोन लावायचा, तामोरी फोनवर विचारायचे, “उद्या येणार ना?” आणि पलीकडून उत्तर यायचं, “इइ तोमो!” पुस्तकात याचा अर्थ ‘ठीक आहे, हरकत नाही’ असा काही दिलेला असतो. आम्ही म्हणतो, “चालतंय की!” तोच ठसका. पहिल्या दिवशी या पाहुण्याच्या खुर्चीत गायिका जुन्को साकुरादा होत्या, शेवटच्या दिवशी विनोदवीर-दिग्दर्शक ताकेशी कितानो. शेवटच्या महिन्यात तर पंतप्रधान शिंजो आबे येऊन बसले होते. पदावर असलेला पंतप्रधान तिथं पहिल्यांदाच आला.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात साधी. तुमच्याकडे काय आहे, ते तुम्ही सांगत नाही. ८,०५४ पैकी किती भाग पूर्ण आहेत, किती तुटक, किती गेले, याची यादी सामान्य माणसाला बघायला मिळत नाही. हे मी एकाच कार्यक्रमाबद्दल किंवा एकाच वाहिनीबद्दल म्हणत नाही. ऑक्टोबर १९८२ पासून मार्च २०२३ पर्यंत रात्री चाललेला टीव्ही असाहीवरचा ‘तामोरी क्लब’ घ्या. परदेशी गाण्यातली एखादी ओळ जपानीसारखी ऐकू येते, आणि भलताच अर्थ निघतो, यावर त्यांनी १९९२ पासून वर्षानुवर्षं एक सदर चालवलं. भाषा शिकणाऱ्याच्या कानाला याहून चांगला व्यायाम नाही. सुरुवातीच्या दूरचित्रवाणीत टेप महाग म्हणून त्यावरच पुन्हा मुद्रण होई, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा दोष आज कुणाला देत नाही. एनएचकेसारखी सार्वजनिक प्रसारण संस्था स्वतःचेच जुने कार्यक्रम लोकांच्या घरच्या टेपांतून शोधते आहे, जाहीरपणे मागते आहे. त्यात मला तरी कमीपणा दिसत नाही. तुम्ही ना आहे ते सांगता, ना नाही ते.

दुसरी तक्रार हक्कांची. ती मला कळते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. थेट प्रक्षेपणासाठी घेतलेली परवानगी ही त्या प्रक्षेपणापुरती असते. पुन्हा दाखवायचं म्हटलं की त्या भागात आलेला प्रत्येक कलावंत, मागं वाजलेलं प्रत्येक गाणं, त्या गाण्याची ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी, सगळ्यांकडं नव्यानं जावं लागतं. एका तासात तीस-चाळीस चेहरे. त्यातले काही वारले, काहींनी हा व्यवसाय सोडला, काहींची नावं नंतर भलत्याच कारणांनी वर्तमानपत्रात आली. तामोरींनाच याचा चटका जुना आहे. १९८१ साली त्यांनी युद्धोत्तर जपानी गाण्यांची सोंगं काढणारी एक ध्वनिमुद्रिका केली होती. हक्कांच्या वादात ती दुकानांतून मागं गेली.

पण हे सगळं मान्य केल्यावरही तुमचं म्हणणं पुरं पडत नाही. कलावंतांची परवानगी एका ठिकाणी मिळावी म्हणून २००९ मध्ये तुमच्याच देशात स्वतंत्र संस्था निघाली. प्रक्षेपणाबरोबरच इंटरनेटवर दाखवणं सोपं व्हावं म्हणून २०२१ मध्ये कायदा बदलला. हक्कदाराची इच्छा कळायला मार्गच नसेल, तर ठरावीक भरपाई भरून कृती वापरता यावी, यासाठी २०२३ मध्ये तो पुन्हा बदलला. कालच्या मालिकेचा भाग आज फुकट दाखवायचा तर तुम्ही हे सगळे दोर बरोबर हलवता. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुपारीसाठी मात्र हात वर.

आणि सगळं इंटरनेटवर टाका, असं म्हणतंय कोण? योकोहामात प्रसारण ग्रंथालय आहे, तिथं जाऊन कुणीही निवडक जुने कार्यक्रम फुकट बघू शकतो. मी जाते. माहितीपट आहेत, नाटकं आहेत, आणि फार चांगली आहेत. पण ‘निवडक’ या शब्दातच सगळी मेख आहे. जे निवडायच्या लायकीचं ठरतं ते गंभीर असतं. दुपारी बाराचा एक तास, ज्यात कुणी काही थोर बोललेलं नाही, त्याला कोण निवडणार? जपानमध्ये छापलेलं प्रत्येक पुस्तक, अगदी पाककृतींचं आणि घोड्यांच्या शर्यतींचंही, कायद्यानं राष्ट्रीय संसद ग्रंथालयात जमा करावं लागतं. प्रक्षेपणाला असा कायदा नाही. फ्रान्सनं १९९२ मध्येच रेडिओ आणि दूरचित्रवाणीला तो लागू केला.

नकलाकाराच्या बाबतीत हे जास्त झोंबतं. लेखक मागं पुस्तक ठेवतो, गायकाची निदान गाणी राहतात. अर्थ नसलेल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचं तुम्ही काय छापणार? त्याचं बोलणं कागदावर उतरवलं तर नुसती अक्षरं. एक उदाहरण सांगते. २ ऑगस्ट २००८ ला आकात्सुका गेले. ७ तारखेला अंत्यविधीत तामोरींनी श्रद्धांजली वाचली. हातात घडीचा कागद, नजर त्यावर, आवाज सपाट. आकात्सुकांनी आपल्याला घर दिलं, वाव दिला, आणि आपण त्यांना एकदाही आभाराचे शब्द बोललो नाही, कारण तुम्हा-आम्हांत ते परकेपणाचं झालं असतं, असं काहीसं ते म्हणाले. आणि शेवटी, “मीही तुमच्या असंख्य कलाकृतींपैकी एक आहे.” नंतर लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली. कागद कोरा होता. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या ‘कान्जिन्चो’ नाटकात बेन्केई हा योद्धा भिक्षू कोरा पट उलगडून देणगीचं आवाहन घडाघडा वाचतो, तसं. म्हणजे शोकसभेत, साक्षात गुरूच्या फोटोसमोर, या माणसानं वाचण्याचं सोंग केलं होतं, आणि शब्द मात्र सगळे खरे होते. त्यांच्या उभ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी नक्कल असावी, असं मला वाटतं. ती आपल्याला माहीत आहे कशामुळं? तिथं बातम्यांचे कॅमेरे होते आणि ती चित्रफीत लोकांना बघता आली, म्हणून. नुसता मजकूर छापून आला असता तर कागद कोरा होता हे कुणाला कळलं असतं?

तिसरी तक्रार अवघड आहे. तुमच्यातल्या काहींना हे जुनं साहित्य उघडायची लाज वाटत असावी, असा मला संशय आहे. परदेशी माणसांच्या नकला, वेगवेगळ्या गावांच्या बोलींची टिंगल. तामोरींनी नागोयाच्या लोकांची ‘एबि फुऱ्या’ म्हणून जी थट्टा केली (तळलेल्या कोळंबीचा त्यांच्या तोंडी होणारा म्हणे तो उच्चार) त्यावर नागोयावाले चिडले होते. पुढं त्याच तळलेल्या कोळंबीला गावाची खासियत म्हणून त्यांनी मिरवलं, हा भाग वेगळा. आज तसला विनोद कुणी लिहून आणला तर तुम्ही तो बाजूला ठेवाल, आणि ठीकच कराल.

मी दोन्ही बाजूंनी यातली आहे. पुण्यात वसतिगृहात माझ्या ‘र्‍हायलंय’ आणि ‘बगितलं’वर मुली हसायच्या, आणि मी हसण्यावारी न्यायची, कारण दुसरं काय करणार? जपानात आल्यावर पहिल्याच वर्षअखेरच्या मेजवानीत एका सहकाऱ्यानं माझ्या जपानीची नक्कल केली, मान हलवून, शब्दांना हिंदी सिनेमातला हेल देऊन. ती माझी नव्हतीच. टीव्हीवर पाहिलेल्या कुणा ‘इंडियन’ची होती. मी उठून आमच्या विभागप्रमुखांची केली. घसा खाकरायची तऱ्हा, वाक्य अर्धं सोडून दात चोखायची सवय. सगळं टेबल हसून कोसळलं. विभागप्रमुख सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. त्या रात्री मला नकलेतला फरक कळला. एक जण ऐकून करतो, एक जण न ऐकता. तामोरी लहानपणी चर्चमध्ये देवासाठी नव्हे तर पाद्र्याच्या बोलण्याची तऱ्हा ऐकायला जायचे म्हणतात. त्यांच्या माहजोंगवाल्या चौघांत माझ्या मते दोन्ही प्रकार आहेत. काही हेल कान देऊन ऐकलेले, काही नुसते त्या काळच्या जपानी डोक्यातले परदेशी. पण हे मी तुटपुंज्या चित्रफितींवरून म्हणते आहे. पूर्ण बघायला मिळालं तर कदाचित जास्त रागावेन, कदाचित कमी. ते ठरवायचा हक्क, ज्यांची नक्कल झाली त्यांनाही हवा ना? ‘त्या काळी असं चालत असे’ अशी दोन वाक्यं सुरुवातीला घाला आणि दाखवा. आमची काळजी म्हणून कुलूप लावू नका.

चौथी तक्रार माझी स्वतःची. गेली काही वर्षं मी रविवारी संध्याकाळी इंटरनेटवरून भारतातल्या मुलांना बोलीभाषेतलं जपानी शिकवते. पुण्यातली, नाशिकची, एक बेळगावची. वर्गात दाखवायला जुन्या थेट कार्यक्रमातली दहा मिनिटं मिळावीत, म्हणून मी एका प्रसारण संस्थेला लिहिलं. कुठल्या, ते सांगत नाही. शुल्क भरायची तयारी दाखवली. सात आठवड्यांनी उत्तर आलं. कागद सुंदर, भाषा अतिशय नम्र, आणि मध्यभागी एक शब्द : ‘मुझुकाशिइ’. शब्दकोशात याचा अर्थ ‘अवघड’. कार्यालयीन जपानीत याचा अर्थ ‘नाही’. आपल्या सरकारी कचेरीतल्या ‘बघू’चा हा जपानी मावसभाऊ. मी पुन्हा लिहिलं, की अवघड म्हणजे नेमकं काय? पैसे, परवानगी, का टेपच नाही? त्याला उत्तर नाही. एनएचकेवरचा ‘बुरा तामोरी’, ज्यात ते गावोगाव हिंडत रस्त्याचा चढ का आहे, जुनी नदी कुठून वाहायची हे शोधतात, तो निदान पैसे भरून, जपानच्या आत, बघता येतो. बेळगावच्या मुलीला तोही नाही. या मुलांनी व्यंगचित्रपट बघून जपानी उचललेलं आहे. त्यांना राक्षसाला आव्हान द्यायचं जपानी उत्तम येतं, पण दुपारी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी काय बोलावं ते येत नाही.

आता मागण्या. त्या फार नाहीत, आणि एकही अशक्य नाही.

सगळ्यात आधी यादी जाहीर करा. तारीख, पाहुणा, भाग पूर्ण आहे की तुटक. नुसती यादी. यादीला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

मग, टेप जिथं आहेत तिथून त्यांची एक प्रत योकोहामाच्या ग्रंथालयात किंवा संसद ग्रंथालयात ठेवा. निवड न करता ठेवा. खुर्ची, पडदा, कानाला लावायचं यंत्र. नाव लिहून आत जायचं, बघायचं, घरी यायचं. प्रत काढू देऊ नका, चालेल.

भाषा शिकवणाऱ्यांसाठी दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांचा एक साधा परवाना काढा, ठरलेल्या शुल्काचा, देशाबाहेरही चालणारा. आणि नकार द्यायचा तेव्हा कारण लिहा.

कापू नका. कुणाचं नाव नंतर वादात आलं म्हणून त्या माणसाला त्या दुपारीतून खोडून टाकाल तर दुपारच खोटी होते.

शेवटची मागणी घाईची आहे. तामोरी २२ ऑगस्ट २०२५ ला ऐंशी वर्षांचे झाले. शुक्रवारच्या गाण्याच्या कार्यक्रमात ते १९८७ पासून आजही उभे असतात. त्या काळचे कॅमेरेवाले, लेखक, प्रेक्षकांना टाळ्यांचा इशारा देणारी पोरं, तीही आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांना बोलतं करा, आणि ते मुद्रण जपा. तामोरी स्वतः बहुधा म्हणतील, कशाला ती भानगड, जाऊ द्या. त्यांच्या स्वभावात बसेल ते. तुम्ही मात्र ते ऐकू नका. बंद खोलीतून दार ढकलून त्यांना ज्यांनी भर दुपारी उभं केलं, ते तुम्हीच. बत्तीस वर्षं झाल्यावर त्यांना परत बंद खोलीत ठेवून किल्ली खिशात घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, एवढंच मला विचारायचं आहे.

जाता जाता एक. माझ्याकडं १९९८ ते २००३ मधल्या अकरा व्हीएचएस टेप आहेत. अभ्यासासाठी घरी मुद्रित केलेल्या, वर पेन्सिलीनं मराठीत तारखा. दोनांना बुरशी आली आहे, एकीच्या मध्ये वीस मिनिटं भलतीच मालिका आहे. बाकी आठ चांगल्या चालतात. तुमच्या संग्रहात हे भाग नसतील तर घेऊन जा. टपालखर्च मी करते. पत्ता तेवढा कळवा.

आपली,
१९९७ पासूनची एक प्रेक्षक
निशी-कासाइ, तोक्यो
(मूळची कोल्हापूरची)